आप्पांच्या गाडीचा पिकप

बीडमध्ये शिवलिंगप्पा शेट्यांच्या गाडीला मागं टाकलं नाही असं एकही वाहन त्या वर्षी शिल्लक राहिलं नव्हतं. ट्रक, टेम्पो, एस.टी. यांचं सोडून द्या. पुढं जाणं हा त्यांचा धर्मच आहे. पण रसवंतीवाल्याचा हातगाडा पुढं गेला, भंगारवाल्याची सायकल पुढं गेली, आणि एकदा तर एक अख्खी वरात, घोड्यावरचा नवरदेव, डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बाया आणि नाचणारी मंडळी यांच्यासकट आप्पांच्या गाडीला ओलांडून गेली. नाचणाऱ्यांनी जाता जाता हात हलवला. आप्पांनीही हलवला, कारण आप्पा रीतीभातीचे माणूस होते. घरी येऊन मात्र ते नुसतं ताक पिऊन झोपले.

गाडी दिसायला वाईट नव्हती. सेकंडहँड असली तरी मलईच्या रंगाची होती, काचा वरखाली होत होत्या, हॉर्न तर असा होता की म्हशी आपण होऊन बाजूला सरत. एकच खोट होती. आप्पांनी अ‍ॅक्सिलेटरवर पाय दिला की गाडी आधी विचार करायची. विचार पुरता झाला की जराशी पुढं व्हायची आणि पुन्हा विचारात पडायची. पाय आणखी दाबावा तर दाबायला जागाच नाही. आप्पांचा पाय टेकलेला, जीव वर आलेला, आणि काटा तिशीच्या अलीकडं.

आधी असं नव्हतं. गाडी घरी आली त्या दिवशी तिला पिकप होता, चांगला दांडगा होता. समोरच्या चंद्रभागाबाईंच्या बाजेचा जो काही प्रकार झाला तो त्याच पिकपमुळं झाला. त्या प्रकाराबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं असल्यामुळं आपणही बोलायला नको. सांगायचं इतकंच, की दुसऱ्या दिवशी आप्पांच्या पत्नी गंगासागरबाई यांनी गाडीची यथासांग पूजा केली आणि त्यानंतर पिकप गेला तो गेलाच.

पूजेत कसलीही कसूर नव्हती. लिंबागणेशच्या गणपतीसमोर ठेवून आणलेला नारळ गंगासागरबाईंनी तांबड्या कापडात बांधला, हळदकुंकू लावलं आणि गाडी पोचवून मुक्कामाला राहिलेल्या ड्रायव्हरला विचारलं, "बाबा, ही पळती कशानं?" त्यानं अ‍ॅक्सिलेटर दाखवला. बाईंनी नारळ बरोबर त्याच्या मागच्या बाजूला, वरच्या सळईला करकचून बांधला. देव लोक समोर काचेपाशी बसवतात, हे आप्पांनी सुचवून पाहिलं. "जिथं गाडीचा जीव, तिथं देव," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला. पायाशी देव म्हटल्यावर चपला घालून गाडी चालवणं बरं नव्हे. तेव्हापासून आप्पा अनवाणी गाडी चालवत.

शेजारचे मोहनराव म्हणाले, "आप्पा, दृष्ट लागली गाडीला. आदी पिकप व्हता, आता न्हाई. दुसरं काय कारण आसंल?"

मोहनराव मूळचे तलवाड्याचे. तिकडं जमीन आणि इकडं राजकारण, असा त्यांचा संसार होता. निवडणुकीला उभं राहायचं आणि पडायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, पण त्यामुळं दुसऱ्यांच्या जीपमध्ये बसायचा त्यांना अफाट अनुभव होता. स्वतःची गाडी नसल्यानं गाड्यांबद्दल त्यांना सगळंच ठाऊक होतं.

हे सगळं आप्पांनी सोसलंही असतं. जन्म भांड्यांच्या दुकानात गेलेला. बसून राहायची सवय होती. पण गाडीनं त्यांची अब्रू नेमकी व्याह्यांसमोर घालवली.

आप्पांची एकुलती लेक ईश्वरी आष्टीला दिली होती. जावई वीरेश गुणाचा, पण व्याही रुद्रप्पा म्हणजे आष्टीच्या बाजारातले जुने आडत्ये, बोलायला तिखट. ते एका लग्नाला बीडला आले होते, परत निघताना आप्पांना उमाळा आला. "पाव्हणं, यष्टीनं कावून जाता? आपली गाडी हाय की," असं म्हणून त्यांनी रुद्रप्पांना शेजारी बसवलं. पालीपर्यंत ठीक चाललं. पुढं मांजरसुंब्याचा घाट लागला. पहिल्या वळणावर रुद्रप्पा बोलायचे थांबले. दुसऱ्या वळणावर "जरा पाय मोकळे करतो" म्हणून त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं आणि ते खाली उतरले. थोडा वेळ ते गाडीच्या बरोबरीनं चालले, खिडकीत हात ठेवून तुरीच्या भावाबद्दल बोलले. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमी या निवांत. मी होतो पुढं."

आप्पा घाट चढून फाट्यावर पोचले तेव्हा रुद्रप्पांचा चहा पिऊन झाला होता आणि ते काडीनं दात कोरत उभे होते. आष्टीकडची एस.टी. समोर लागलेली होती. तिच्या पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "पोरीला सातवा सरल. डोहाळजेवन झालं की तुमी तिला माहेरी नेनार, रीत हाय, मी आडवा येनार न्हाई. पन जी गाडी मला एकट्याला घिऊन घाट चढंना, तिच्यात माझी दोन जिवाची सून कशी घालू? गाडी चढवून आष्टीत आना अन् सून घिऊन जावा. न्हाईतर बाळंतपन आमच्याकडंच हुईल."

पहिलं बाळंतपण सासरी!  कोपऱ्यातली खोली त्यांनी कधीच चुना लावून ठेवली होती. पाळण्याची कडी तेल लावून लख्ख केली होती. पोरीशिवाय घर त्यांना खायला उठायचं, पण बापानं असं बोलायचं नसतं, म्हणून ते दिवसभर गाडीबद्दल बोलत. "पिकप यायला पाहिजे," असं ते जेवताना म्हणायचे, झोपताना म्हणायचे, आणि गंगासागरबाई ऐकून घ्यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "भाड्याची जीप करा की." आप्पांनी ताट सारलं. "माझी पोरगी भाड्याच्या गाडीत? अन् रुद्रप्पा काय म्हनतील?" 

इथं धर्मराजचा प्रवेश झाला. देश तेव्हा नुकताच खुला झाला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.चे पिवळे डबे उगवले होते, छपराछपरांवरून केबलच्या वायरी गेल्या होत्या, आणि काल ज्या वस्तूचं नाव ठाऊक नव्हतं तिच्यावाचून आज लोकांचं अडत होतं. देशाबरोबर धर्मराजची ब्रीफकेसही खुली झाली होती. आधी तो अगरबत्त्या विकायचा. आता तो गाड्यांचा वेग विकत होता.

"आप्पा," त्यानं दोन काळे ठोकळे काढून दाखवले, "पेट्रोलचे कण नळीतून कसे येत्यात? यष्टीत चढल्यावानी. धक्काबुक्की, रेटारेटी. हे चुंबक नळीला बांधा, समदे रांगंत उभे ऱ्हात्यात. बाहेरचा माल हाय." आप्पांनी उभा जन्म एस.टी.त चढण्यात घालवलेला. त्यांना ते लगेच पटलं.

चुंबक बसवायला बंकट मिस्त्रीला बोलावलं. बंकट अंगानं पैलवान आणि मनानं भाविक. त्यानं ड्रायव्हरच्या जागेवर बसण्यासाठी दार उघडलं, पायापाशी तांबडं कापड दिसलं, तसा तो मागं सरला, हात जोडले आणि म्हणाला, "आप्पा, देवाचं जिथं हाय तिथं मी पाना लावीत न्हाई. बापाची शपथ हाय. मी आपला बॉनेटकडूनच बघतो." त्याच्या या शपथेचं गल्लीत फार कौतुक झालं.

चुंबकानं पेट्रोल रांगेत उभं राहिलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, पण बंकटचा पाना त्याला जो चिकटला तो निघेना. मोहनराव देखरेखीला बॉनेटमध्ये वाकले होते, त्यांचं मनगटी घड्याळ तिथंच बंद पडलं. मोहनरावांना चार वाजता पक्षाच्या बैठकीला जायचं होतं. ते घरी जाऊन चार वाजायची वाट बघत बसले. चार काही वाजले नाहीत, आणि तिकडं यादीतून त्यांचं नाव गळालं. "माझी शीट गेली तरी चालंल," ते आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पन तुमचा पिकप आला पाहिजे." असं प्रेम आता राहिलं नाही.

पिकप आला नव्हता. धर्मराज म्हणाला, पेट्रोल सुधारलं, आता हवा सुधारायला हवी. त्यानं पत्र्याची एक पाकळ्यापाकळ्यांची चकती आणली. ती हवेच्या वाटेत बसवली की हवा भोवऱ्यासारखी फिरत इंजिनात शिरते. हवा फिरली. फिरताना तिनं शिटी घातली. शिटी हुबेहूब प्रेशर कुकरची होती. चंद्रभागाबाई शिट्या मोजून स्वयंपाक करणाऱ्या. आप्पा गल्लीतून एक फेरी मारून आले की बाई गॅस बंद करायच्या. त्यांच्या घरी आठवडाभर कच्ची डाळ शिजली, म्हणजे शिजली नाही. त्यांचे यजमान पोट धरून आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले आणि काही न बोलता बसूनच राहिले. माणसानं चार शब्द सुनावले तर उत्तर देता येतं. नुसतं बसणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

मग सायलेन्सरच्या टोकाला एक चकचकीत कर्णा आला. धर्मराजच्या शास्त्राप्रमाणं गाडीला श्वास घेता येतो तसा तो सोडताही आला पाहिजे. कर्णा बसल्यावर गाडीचा आवाज असा निघाला की बशीरगंजापर्यंत लोक रस्त्याच्या कडेला होऊन उभे राहिले. त्यांना वाटलं मोठा ट्रक येतोय. ते उभे राहिले, वाट बघितली, दोघंतिघं कंटाळून निघून गेले, आणि मग कुठं वळणावरून आप्पांची गाडी दिसू लागली. आवाज आधी पोचायचा, आप्पा मागून.

यावर धर्मराजनं एक लाल दिव्याची डबी समोर बसवून दिली. तिच्या दोन वायरी इंजिनात जात आणि लाल दिवा लागला की शक्ती चालू आहे असं समजायचं. दिवा छान लागायचा. तो लागला की गल्लीतल्या सगळ्या टीव्हींवर आडव्या पट्ट्या येत. एका रविवारी क्रिकेटच्या शेवटच्या षटकात आप्पा दुकानाकडं निघाले आणि परत आले तेव्हा गल्ली त्यांच्याशी बोलत नव्हती. मोहनराव तेवढे बोलत होते. त्यांनी पेट्रोलच्या टाकीत डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या. त्यांच्या मते पूर्वी सगळे पुढारी असंच करत. आप्पांनी मूठभर टाकल्या. गाडीच्या धुराला ट्रंकेतल्या शालूचा वास येऊ लागला आणि ज्या रस्त्यानं ती गेली तिथल्या म्हाताऱ्या आपापल्या लग्नाच्या आठवणी काढू लागल्या. वेग तोच होता.

आता या सगळ्या जोडण्या कायद्यात बसतात की नाही, ही शंका आप्पांना आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण आप्पा कायद्याला भिणारे व्यापारी. ते गाडीच घेऊन आर.टी.ओ.च्या कचेरीत गेले. पहिल्या टेबलानं विचारलं, चुंबक विजेवर चालतं का? विजेवर नसेल तर ते दुसऱ्या टेबलाचं काम. दुसरं टेबल म्हणालं, चकती हवेची आहे आणि हवा आमच्याकडं येत नाही. तिसरं टेबल जेवायला गेलं होतं. शेवटी साहेब स्वतः उठून बाहेर आले. चांगला माणूस. बॉनेट उघडून त्यांनी बराच वेळ बघितलं, मान हलवली आणि "जरा चालवून बघतो" म्हणून ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले. बसल्या बसल्या त्यांची नजर पायाशी गेली. साहेब घाईनं उतरले, बूट काढले, मोजे काढले, हात जोडले आणि पुन्हा काही बसले नाहीत.

"आहो आप्पा, गाडीत देव बसलाय. मग आमची परवानगी कशाला?"

"पन साहेब, पिकप..."

"तो बी देईल की. श्रद्धा ठेवा."

आप्पा बाहेर आले ते या समाधानात, की गाडी आता इंजिनापासून देवापर्यंत सगळीकडून तपासून झाली.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. गाडीत हिरवी साडी, फुलांच्या परड्या, करंज्यांचा डबा, धपाट्यांचं गाठोडं, मागं गंगासागरबाई आणि पुढं मोहनराव. मोहनराव कशाला, असं बाईंनी विचारलं होतं. "तांत्रिक बाजूला," आप्पा म्हणाले. गल्लीनं दारात उभं राहून निरोप दिला. रुसवा असला तरी ईश्वरी सगळ्यांची होती. चंद्रभागाबाईंनी तिच्यासाठी लिंबाचं लोणचं दिलं आणि गाडीची शिटी ऐकून सवयीनं घराकडं धावल्या.

पाली गेली, घाट आला. आप्पांनी अनवाणी पाय नेटानं दाबला. लाल दिवा लागला, शिटी वाजली, कर्णा गरजला, डांबरगोळ्यांचा ढग उठला, आणि एवढ्या सगळ्या सरंजामात गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. मागून एस.टी. आली. तिचे ड्रायव्हर गहिनीनाथ आप्पांच्या ओळखीचे, दुकानातून तांब्या नेलेला. त्यांनी खिडकीतून वाकून विचारलं, "आप्पा, काही निरोप सांगू का आष्टीत?" आणि ते वळणाआड गेले. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांची रांग शेजारून गेली. एका गाडीतली बाई स्वयंपाकाच्या भांड्यांवर बसली होती; तिनं गंगासागरबाईंची विचारपूस केली, मुलं किती, कुठं निघालात, आणि सगळं ऐकून पुढं गेली.

घाटाच्या मध्यावर गाडीनं शेवटचा विचार केला आणि ती थांबली. मोहनराव उडी मारून उतरले आणि चाकामागं धोंडा लावला. तांत्रिक बाजूचं तेवढं एक काम त्यांनी खरोखर चांगलं केलं.

आप्पांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.  "काय राह्यलं करायचं? चुंबक बसवलं, भोवरा बसवला... आता पोरीला काय सांगू? ती दारात उभी आसंल. बाप कबूल करून आला न्हाई म्हनंल." डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी धुराच्या नावावर घातलं.

गंगासागरबाईंनी मागून हे पाहिलं. मग खाली उतरल्या, पुढचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "आवो, पाय घ्या जरा." वाकून त्यांनी सळईची गाठ सोडली, तांबडं कापड उकललं, नारळाला डोकं टेकवलं आणि मोहनरावांच्या धोंड्यावर तो एका फटक्यात फोडला.

"घाटाला वाहते," त्या म्हणाल्या. "घाट आडवा येतोय तर त्यालाच नको का द्यायला?" प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा पडला. आप्पांनी डोळे पुसत खोबरं खाल्लं. "आता चपला घाला अन् बसा," बाई म्हणाल्या. "देव उतरला."

आप्पांनी चपला घातल्या, गाडी सुरू केली आणि इतक्या महिन्यांच्या सवयीनं पाय तसाच नेटानं दाबला, जसा नारळापर्यंत दाबत असत.

पण मधे नारळ नव्हता. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि गाडी विचारबिचार न करता उठली. मोहनरावांचा एक पाय अजून बाहेर होता. तो त्यांनी कसाबसा आत ओढला. करंज्यांचा डबा मागच्या काचेवर आदळला. शिटी वर वर चढत गेली आणि एकदम बंद झाली, कारण चकती तुटून इंजिनाखालून पडली होती. पुढच्या खड्ड्यात चुंबकाची जोडी गेली, बंकटच्या पान्यासकट. वळणावर कर्णा निसटला आणि एकटाच दरीकडं गडगडत गेला. आप्पांना यातलं काही दिसत नव्हतं. "आला!" ते ओरडत होते, "मोहनराव, पिकप आला!" मोहनराव दोन्ही हातांनी दाराची कडी धरून देवाचं नाव घेत होते. बैलगाड्या मागं पडल्या. फाट्यावर प्रवासी घेऊन निघालेली एस.टी. मागं पडली. गहिनीनाथ आ वासून बघत राहिले आणि आप्पांनी खिडकीतून त्यांना विचारलं, "काही निरोप सांगू का आष्टीत?" आयुष्यात काही वाक्यं बोलायला मिळावीत म्हणूनच माणूस जगतो.

रुद्रप्पांच्या दारात गाडी अशी येऊन थांबली की ओट्यावरचे पाव्हणे उठून उभे राहिले. ईश्वरी खरंच दारात होती. "आप्पा!" म्हणाली आणि हसली, आणि आप्पांना पिकपचा क्षणभर विसर पडला. क्षणभरच. मग त्यांनी रुद्रप्पांच्या हाताला धरून बॉनेटपाशी नेलं. "बघा पाव्हणं, काय काय बसवलंय ते," असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. आत इंजिन होतं. बाकी काही नव्हतं. मागं कर्णाही नव्हता.

आप्पा बघत राहिले. मोहनराव बघत राहिले. लाल दिव्याच्या डबीची एक वायर इंजिनावर लोंबत होती.

"लई भारी," रुद्रप्पा गंभीरपणे म्हणाले. "काहीच दिसंना म्हंजे मोठंच काम केलं आसंल." पण शब्दाचा माणूस. डोहाळजेवण थाटात झालं, आणि उन्हं उतरायच्या आत त्यांनी सुनेला स्वतः गाडीत बसवून दिलं.

परतीच्या वाटेवर लिंबागणेशला देवदर्शनाला थांबले. मोहनराव आणि ईश्वरी देवळासमोर बसले असताना गंगासागरबाई नवा नारळ, नवं तांबडं कापड घेऊन गाडीपाशी आल्या आणि वाकल्या. आप्पा मागं उभे होते. त्यांनी नारळाकडं बघितलं, अ‍ॅक्सिलेटरकडं बघितलं, सळईकडं बघितलं. इंजिनाचा विचार करून करून थकलेलं त्यांचं डोकं हळूहळू खाली, पायापर्यंत आलं.

"अगं," ते म्हणाले, "हा नारळ... ह्या नारळानं..."

"मग? काय वाटलं तुमाला?"

"तुला ठावं व्हतं? कावून? कावून केलंस आसं?"

गंगासागरबाई कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. "पयल्या दिशी काय केलतं तुमी? चंद्रभागाबाईची बाज, वरचे वाळत घातलेले पापड, समदं गाडीपुढं ढकलत पार पिंपळापातुर गेलतात. नशीब बाजंवर कोनी निजलं नव्हतं. तुमाला बोलून आयकता का? म्हनून त्या ड्रायव्हरला इचारलं अन् देवाला मधी घातलं."

"अन् मी चुंबक आनलं, भोवरा आनला, कचेरीत गेलो..."

"रोग रेड्याला, औषध पखालीला. मला वाटलं, तुमचा जीव रमतोय, रमू द्यावा."

"मग आज कावून काढलास?"

बाईंचा आवाज खाली आला. "तुमाला काय वाटतं, पोरगी एकट्या तुमचीच हाय?"

 पण स्वाभिमान म्हणून काही वस्तू आहे की नाही? "आता नारळ न्हाई बांधायचा," त्यांनी निक्षून सांगितलं. "कळलं का? गाडीला पिकप हाय, अन् तो ऱ्हानार." बाईंनी नारळ मुकाट्यानं पदरात घेतला आणि लेकीला घेऊन त्या गाडीत मागं जाऊन बसल्या.

आप्पांनी चपला घातलेला पाय दिला. गाडी झोकात उठली, देवळाची कमान मागं गेली आणि पुढचा खड्डा आला तो दिसेपर्यंत ओलांडलासुद्धा.

"आई गं!" मागून आवाज आला.

आप्पांनी आरशात बघितलं. ईश्वरीनं दोन्ही हात पोटावर धरले होते. बापाची नजर दिसताच तिनं लगेच हसून सांगितलं, "काही न्हाई आप्पा, तुमी चालवा. मस्त पळती की गाडी."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. मोहनरावांनी विचारलं, "काय झालं? पिकप गेला का?"

 आप्पांनी चपला काढल्या, मागं हात केला आणि म्हणाले, "आन तो नारळ." मग ते गुडघे टेकून बसले, नारळ सळईला बांधला, गाठीवर गाठ मारली, हातानं अ‍ॅक्सिलेटर दाबून बघितला. पुरतं समाधान झालेलं दिसेना. त्यांनी गाठ सोडली आणि नारळ आणखी बोटभर अ‍ॅक्सिलेटरजवळ घेऊन बांधला.

बीडपर्यंतचा रस्ता त्यांनी खड्डा खड्डा विचारून पार केला. गहिनीनाथ परतीच्या फेरीला होते. ते पुढं गेले, आणि जाताना त्यांनी कपाळाला हात लावला. ट्रक गेले, टेम्पो गेले, एका लूनावरचं जोडपं गेलं. मागं ईश्वरी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेली होती. मांजरसुंब्याच्या अलीकडं एक कडब्याची बैलगाडी मागून आली, बरोबरीला झाली, आणि गाडीवानानं कासरा ओढून कनवाळूपणे विचारलं,

"आप्पा, बंद पडली का काय? बैल जुपू का?"

आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या सीटकडं मान केली.

"हळू बोल, बाबा," ते कुजबुजले. "जा तू पुढं. आपल्या गाडीला लई पिकप हाय."